तंत्रिका तंत्राचे भ्रूणविज्ञान : आरंभीचे शोध

गर्भात मेंदू, मेरुरज्जू व तंत्रिका कशा घडतात, याचा विचार करणारी भ्रूणविज्ञानाची शाखा. तिच्या आरंभीच्या इतिहासाचे दप्तर बहुतांशी कोंबडीच्या अंड्यांनीच भरलेले आहे, कारण हे अंडे सर्व मुलुखांत स्वस्त व हुकमी मिळते आणि कवच फोडताच गर्भ डोळ्यांसमोर येतो. हरसूलच्या (ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक) पाड्यांवर खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखाली 21 दिवस जे चालते, त्यातील या शाखेच्या दृष्टीने मोलाचा भाग पहिल्या दोनच दिवसांचा: पहिला दिवस सरता सरता बाह्यस्तरातील (गर्भाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथरातील) जाड पट्टाच्या कडा उचलल्या जातात, दुसऱ्या दिवशी त्या मस्तकाकडून मिटू लागतात, आणि अशा रीतीने झालेल्या नलिकेतूनच पुढे मेंदू व मेरुरज्जू सिद्ध होतात.

या घडामोडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रेखाटल्या त्या बोलोन्याचे मार्चेल्लो माल्पीगी यांनी (1673). अवयव आधीपासूनच घडलेले असतात या मताकडे त्यांचा कल होता, परंतु त्यांची चित्रे त्यांच्या मताहून अधिक सत्यनिष्ठ ठरली. पांडर यांनी 1817 मध्ये वर्णिलेल्या जननस्तरांच्या (ज्यांतून अवयव घडतात त्या गर्भाच्या मूळ पेशीथरांच्या) कल्पनेचा फोन बेअर यांनी 1828 च्या ग्रंथात विस्तार केला. विल्हेल्म हिस यांना 1868 मध्ये नलिकेलगतच्या पेशींची वेगळी पट्टी दिसली. तीच आजची तंत्रिका-शिखा. तंत्रिकातंतूचे वाढते टोक काहाल यांनी 1890 मध्ये कोंबडीच्याच गर्भात ओळखले, तर तंतू जिवंत पेशीतून प्रत्यक्ष वाढत असल्याचा निर्णायक दाखला हॅरिसन यांनी 1907 मध्ये बेडकाच्या ऊतीत दिला.

बाह्यस्तरातील तो पट्ट मुळात निर्माण का होतो, हा प्रश्न मात्र कोंबडीने सोडविला नाही. श्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी 1924 मध्ये न्यूट या उभयचराच्या गर्भाचा लहानसा तुकडा दुसऱ्या गर्भात रोपला आणि तेथे यजमानाच्याच पेशींतून दुसरे तंत्रिका तंत्र उद्भवले. श्पेमान यांना 1935 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिच्या हातांनी हे प्रयोग झाले ती मांगोल्ड 1924 सालीच निवर्तली होती, आणि ग्रंथकारांनी तिच्या वाट्यास दिलेली जागा आजही अपुरीच वाटते.

गर्भाच्या एका भागाने शेजारच्या पेशींना असे घडवणे, म्हणजेच प्रवर्तन, पक्ष्यांतही घडते, हे वॉडिंग्टन यांनी 1930 नंतरच्या दशकात सिद्ध केले. त्यांच्याच एडिंबरो येथील प्रयोगशाळेत पुण्याच्या लीला मुल्हेरकर यांनी संशोधन केले. कोंबडीच्या गर्भातील आदिरेषेच्या (गर्भाच्या मध्यावर आरंभी उमटणाऱ्या रेषेच्या) दोन्ही बाजूंच्या भागांच्या प्रवर्तनशक्तीविषयीचा त्यांचा निबंध 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी या विषयाच्या अध्यापन-संशोधनाची परंपरा रुजविली, आणि तेथेही प्रयोगाचे मुख्य द्रव्य अंडेच राहिले.