पाठीवरचं लेकरू

आपल्या रेणापूर भागातल्या जुन्या माणसांना जन्माचं साल विचारलं, तर त्यांना ते आकड्यात सांगता येत नसे. कुणी म्हणे, मानमोडीच्या आधी दोन वर्षं. कुणी म्हणे, गाठीचा ताप आला तेव्हा मी रांगत होतो. अक्षराची ओळख होऊ दिली नव्हती, कागदावर नोंद कोण करणार? पण गाव कोणत्या साली ओस पडलं, लोक रानात झोपड्या टाकून कधी राहिले, हे मात्र पक्कं ध्यानात असे. साथीचे रोग हेच त्यांचं पंचांग होतं.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या शिपायांबरोबर हा रोग मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेच्या रुळावरून आत खेड्यापाड्यांत शिरला. हिंदुस्थानात या एका रोगाने एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसं नेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९११ च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांच्या वर होती; १९२१ ला ती १ कोटी २४ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती नऊ लाखांनी घटली. त्यात मानमोडीबरोबर प्लेग आणि दुष्काळाचाही वाटा होता, हे खरं.

आता प्रश्न असा की, घराघरात माणूस आजारी पडलेला असताना मेलेल्यांना उचललं कोणी? परगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा कोण घेऊन गेलं? सरणाची लाकडं मसणात कोणी नेऊन टाकली? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ही कामं महारकीत मोडत. एरवी ज्यांच्या सावलीचा विटाळ होता, ते साथीच्या दिवसांत मरणाच्या सर्वात जवळ असत. ह्याला कोणी सेवाभाव म्हणतात. मला हा शब्द तिथे वापरवत नाही. जे नाकारायची सोय नाही, ती सेवा कसली, ती वेठ. पण हेही तितकंच खरं की वेठीच्या कामातसुद्धा शेजारच्या पोरक्या लेकराला भाकर देणारी आई आमच्याच वाड्यात होती, आणि ती भाकर काही वतनात लिहिलेली नव्हती.

मात्र या लेखात सांगायची आहे ती एका अशा बाईची गोष्ट, जिच्यावर कसलीच सक्ती नव्हती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. रोग चीनच्या बाजूने हाँगकाँगमार्गे जहाजांतून आला होता. गोदीतल्या धान्याच्या कोठारांत उंदीर मरू लागले, मग माणसं. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, तापाने माणूस बरळायला लागायचा, आणि चार-सहा दिवसांत खेळ खलास. लोक मुंबई सोडून पळाले. पळताना रोगही घेऊन गेले. थोड्याच महिन्यांत पुण्याला प्लेग लागला. त्याच वर्षी पाऊस नव्हता, दुष्काळ होता. म्हणजे अर्धपोटी माणसांवर हा रोग पडला.

४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोगाचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेब आले, गोरे शिपाई घराघरात शिरले, देवघर-स्वयंपाकघर काही पाहिलं नाही. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग शाळेच्या पुस्तकात असतो आणि आपण तो पाठ केलेला आहे. टिळकांनीही त्या दिवसांत पुणे सोडलं नाही आणि हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय चालवलं, हेही सांगायला हवं. पण त्या काळी दवाखानेसुद्धा जातीधर्माच्या नावाने उभे राहात. वेशीबाहेरच्या वस्तीत गाठ आली तर त्याने जायचं कुठे, हा प्रश्न पुस्तकात येत नाही.

तो प्रश्न सावित्रीमाईंना पडला.

माईंचं वय तेव्हा सहासष्ट. जोतीरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, तेव्हा माईंनी स्वतः टिटवं धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालण्याचं धाडस केलं होतं. शाळांच्या कामाविषयी दरवर्षी ३ जानेवारीला आपण बोलतोच, म्हणून तो विषय इथे लांबवत नाही. पण संकटात माणसाजवळ जाणं ही त्यांची जुनीच सवय होती, हे ध्यानात घ्यावं. १८६३ साली फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांच्या घरात सोय झाली. १८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नरकडे ओतूरला जाऊन राहिल्या. २० एप्रिल १८७७ चं त्यांचं तिथून लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. जोतीरावांना लिहिलेलं हे पत्र नवऱ्याची ख्यालीखुशाली विचारणाऱ्या बायकोचं वाटत नाही. दुष्काळात काय चाललंय आणि आपण काय केलं, याचा तो कार्यकर्तीने पाठवलेला वृत्तान्त आहे.

त्यांचा मुलगा यशवंत. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला, फुले दांपत्याने १८७४ मध्ये घेतलेला. माईंनी त्याला डॉक्टर केलं. प्लेग आला तेव्हा यशवंत नोकरीवर बाहेरगावी होता. माईंनी त्याला बोलावून घेतलं, आणि गावाबाहेर हडपसरच्या बाजूला सासने यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. कोणती आई आपल्या एकुलत्या एक लेकाला प्लेगच्या गावात परत बोलावते? आपण पोरं गावाबाहेर पाठवतो. ही उलटी चाल जितकी विचारात घ्यावी तितकी थोडीच.

दुसरी एक गोष्ट. १८९७ साली प्लेगवर औषध नव्हतं. हाफकिन साहेबांनी त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत स्वतःच्या अंगावर लस टोचून पाहिली होती, पण लस ही रोग होण्याआधीची. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते हे डॉ. सिमाँ या फ्रेंच माणसाने १८९८ मध्ये कराचीत शोधून काढलं. आणि गुण येणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. मग मळ्यातल्या त्या दवाखान्यात करायचं तरी काय? पाणी पाजायचं. तापलेल्या कपाळावर ओली घडी ठेवायची. घाण झालेलं अंथरूण बदलायचं. पेज भरवायची. रात्री कण्हणाऱ्याच्या उशाशी बसायचं. बस्स. एवढ्यासाठी जवळ जावं लागतं, हात लावावा लागतो. औषध नसलेल्या रोगात माणसाचा हात हेच औषध होतं, आणि तोच हात सगळ्यांनी मागे घेतला होता.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या पोराला गाठ आली, हे माईंना कळलं. त्या तिथे गेल्या. पोराला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं. एक तर प्लेगचा रोगी, त्यात अस्पृश्याचं लेकरू. त्याचा तापलेला गाल त्यांच्या मानेला लागलेला. ज्या दिवसांत सख्खा भाऊ भावाला टाकून जात होता, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. त्यातच माईंना प्लेगने गाठलं. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुढे १९०५ मध्ये डॉ. यशवंतही प्लेगनेच गेले. आई आणि मुलगा दोघंही एकाच रोगाने, एकाच कामात.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतल्याची कथा आपण विहारात ऐकतो. माईंनी ती ऐकली होती की नाही, याने काही फरक पडत नाही.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं. मार्च २०२० मध्ये करोना आला, तेव्हा सरकारने हाती घेतला तो हाच १८९७ चा कायदा. आणि कानावर एक शब्द येऊन आदळला, ‘सामाजिक अंतर’. आपल्या लोकांना हा शब्द टोचला. कारण सामाजिक अंतर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं नाही, ते आपल्यावर पाळलं गेलं आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही शारीरिक अंतर म्हणणं योग्य असं सांगितलं. शब्द सुधारला. पण गावोगाव बाभळीची झुडपं टाकून वेस बंद झाली, ती झालीच. पुण्या-मुंबईहून पायी आलेल्या आपल्याच पोरांना शाळेत चौदा दिवस ठेवलं. ते ठेवणं रास्त होतं, कुणाला कळत नव्हतं असं नाही. पण त्या शाळेच्या भिंतीबाहेर डबा ठेवून जाणाऱ्या हातांनी अंतरही राखलं आणि माणूसही राखला.

एप्रिल २०२० मध्ये लातूर जिल्ह्यातले पहिले रोगी सापडले ते निलंग्यात, परराज्यातले आठ वाटसरू. लातूरच्या सरकारी रुग्णालयात ते बरे झाले. कोण कुठले लोक, पण आपल्या जिल्ह्याने त्यांना जगवलं. त्याच महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर मराठवाड्यातले लाखावर ऊसतोड मजूर उघड्यावर अडकले होते. १७ एप्रिलला त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. १४ एप्रिलची जयंती घरातच झाली, मेणबत्ती लावून. अनेक ठिकाणी वर्गणीचा पैसा गहू, तांदूळ, तेलाकडे वळवला गेला. मिरवणूक निघाली नाही याची खंत करणाऱ्या जाणत्या माणसांनीही ते मान्य केलं. मग ८ मे ला, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्याच पहाटे, औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघाले होते. रुळावर त्यांच्या भाकऱ्या पडल्या होत्या. आशेविषयी लिहिताना हे वगळून चालणार नाही.

त्या दोन वर्षांत दारोदार गेल्या त्या आशाताई. हातात थर्मामीटर, तोंडाला एकच मास्क, तोही धुऊन वापरायचा. लोकांनी तोंडावर दार लावलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांचा गौरव केला. टाळ्या आधी, गौरव नंतर, आणि मधल्या काळात पगाराची मागणी.

आणि २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, जेव्हा घरची माणसं स्मशानाच्या फाटकातून आत यायला धजत नव्हती, तेव्हा अनेक शहरांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मढी उचलणारे हात नगरपालिकेच्या सफाई कामगारांचे होते. कोणत्या वस्तीतले, ते विचारायला नको. शंभर वर्षांपूर्वी मानमोडीत सरणाची लाकडं वाहिली त्यांचेच नातू-पणतू. फरक इतकाच, की आता त्यांच्या हातात रबरी मोजे होते, तेही सगळ्यांच्या नाही. त्यांच्यातला एखादा घरी जाताना बाहेरच्या नळावर अंघोळ करी, लेकराला लांबूनच बघे, आणि सकाळी पुन्हा कामावर जाई.