यंत्र जिथे मुके राहते

१९८० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात मेटल डिटेक्टरने २७ किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा गोळा हुडकून दिला. सुलतानपूरच्या रानात असे घडेल का? शक्यता जवळजवळ नाही. असे गोळे बहुधा गारगोटीच्या शिरांतून सुटून येतात. येथे पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे.

ठेवा मात्र सापडतो. सुलतानपूरच्या पश्चिमेस सिंदखेडराजा. तेथे २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण जिजाऊंचे पिता लखुजीराजे जाधव यांच्या समाधीचे जतनकाम करीत होते. त्या कामात काही अनपेक्षित दगड दिसले. नशीब एवढेच. त्यांचा माग काढता काढता शिवमंदिराचा पाया उघडा पडला, मग सभामंडप. आणि मंदिराची खोली तपासण्यासाठी घेतलेल्या चरात, २ मीटरहून किंचित खाली, शेषशायी विष्णू! मूर्ती १.७० मीटर लांब, चरणांशी लक्ष्मी, शिल्पात समुद्रमंथनाचा देखावा.

दगडी मूर्तीवर कोणत्याही डिटेक्टरने शिट्टी दिली नसती. गुप्तधनासाठी रात्री कुदळ चालवणाऱ्याने तर ती फोडून पुढेच खणले असते, असे मला वाटते. कोणती वस्तू कोणत्या थरात होती, हा क्रम एकदा उधळला की पुन्हा जुळवता येत नाही. १० रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.