डावा आणि जमना

क्रूझ जहाजावर पाऊल ठेवले की दोन शब्द आधी शिकावे लागतात : पोर्ट आणि स्टारबोर्ड. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिले तर डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड. माणूस पाठमोरा झाला की त्याचे डावे-उजवे उलटते. जहाजाच्या बाजूंची नावे मात्र तीच राहतात.

या इंग्रजी शब्दांची कथा परिचित आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या होड्यांचे सुकाणू उजव्या कुशीला असे, म्हणून ती स्टारबोर्ड, सुकाणूची बाजू. होडी धक्क्याला लागे ती डाव्या अंगाने. त्या अंगाला आधी लारबोर्ड म्हणत. वाऱ्यात दोन्ही आरोळ्या सारख्याच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली लारबोर्ड काढून पोर्ट हा शब्द पक्का केला.

मला अधिक ओढ आहे ती दुसऱ्या एका जोडीची. हिंदी महासागरातल्या ब्रिटिश जहाजांवर दोर ओढणारे, शिडांवर चढणारे अनेक हात लस्करांचे होते : गुजरात, कोकण, बंगाल अशा किनाऱ्यांवरचे खलाशी. त्यांच्या बोलीत स्टारबोर्ड म्हणजे जमना आणि लारबोर्ड म्हणजे डावा. जमना गुजरातीतल्या उजव्याचा; डावा मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

ही बोली साहेबांना शिकावी लागली. थॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोश छापला. त्यातल्या शब्दांवरून बंदरांचा इतिहास वाचता येतो. पुढचे शीड ‘तिरकट’ आणि वरचे ‘गावी’, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. ‘सुकानी’ अरबी ‘सुक्कान’वरून, त्याच घराण्यातले आपले सुकाणू. खलाशांचा मुकादम ‘सारंग’ फारसी वळणाचा. फारसी ‘लंगर’ मराठीत आला तो थेट ‘नांगर’ होऊन, शेतातल्या नांगराचा नामबंधू.

जहाज ज्यांच्या शब्दांवर चाले, त्यांना कायद्याने मात्र बाहेर ठेवले. १८२३च्या ब्रिटिश कायद्यानुसार लस्कर हे ‘ब्रिटिश खलाशी’ धरले जाणार नव्हते, कंपनीच्या मुलखात जन्मले असले तरी. पुढे वाफेची प्रवासी जहाजे आली. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरातचे खलाशी, भोजनगृहात गोव्याचे कारभारी अशी वाटणी रूढ झाली. शिडे उतरू लागली तरी बोली टिकली; रोबकचा कोश सुधारून जॉर्ज स्मॉल याने १८८२ साली लंडनमध्ये ‘लस्करी’ कोश म्हणून पुन्हा काढला.

हे कोश वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. ते अधिकाऱ्यांसाठी, इंग्रजीकडून हिंदुस्तानीकडे रचलेले आहेत. शीड चढवण्याचा हुकूम कसा द्यायचा ते त्यांत सापडते. हुकूम ऐकून डोलकाठीवर चढलेली माणसे आपसांत काय बोलत, ते सापडत नाही.

आता कितीतरी क्रूझ जहाजांना सुकाणूच नसते. १९९८च्या ‘एलेशन’पासून जहाजाच्या बुडाखाली गोल फिरणारे विजेचे पंखे आले, तेच जहाज ढकलतात आणि वळवतातही. डेकवरचे हुकूम इंग्रजीत चालतात. लस्करी बोलीचे उरलेसुरले शब्द शोधायचे तर रत्नागिरी, दमण, सलाया इथल्या म्हाताऱ्या दर्यावर्दींच्या ओसरीवर जायला हवे, आणि या वेळी कोश त्यांच्या बाजूने लिहायला हवा.