चिंचेवरचं जाळं

लासूर स्टेशनात वाढलेल्या माणसाला मासेमारी माहीत असते ती शिवना नदीतली. शिवना पावसाळ्यात नदी असते, उरलेलं वर्ष वाळू. मी शाळेत असताना शिकलेलं सगळं शास्त्र दोन वाक्यांत मावतं. काठावर बसायचं, गळाला गांडूळ लावायचं. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. बस्स. मासा काठालाच येतो, कारण त्याचं खाणं काठाला असतं, असं आमचं ठाम मत होतं.

या मताला पहिला धक्का बसला 2020 च्या टाळेबंदीत. पुण्यातली खोली सोडून मी घरी आलो होतो. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरची मीटिंग रात्री बाराला संपायची आणि त्यानंतर झोप यायची नाही. मग यूट्यूबवर बास नावाच्या माशाचे व्हिडिओ बघत बसायचो. त्यातले पट्टीचे लोक काठाकडे ढुंकूनही बघत नव्हते. अफाट तलावाच्या मध्यावर, जिथे चारही बाजूंना सारखंच पाणी दिसतं, तिथे होडी थांबवून नेमक्या एका जागी गळ सोडायचे. चार हात इकडे नाही की तिकडे नाही.

तीच जागा का? उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेतले हे तलाव बहुतेक धरणांचे आहेत. 1933 मध्ये टेनेसी खोऱ्याचं प्राधिकरण स्थापन झालं, 1936 मध्ये त्यांचं नॉरिस धरण पूर्ण झालं, आणि पुढच्या तीसेक वर्षांत दक्षिणेकडच्या राज्यांत धरणांची रांग लागली. पाण्याखाली रस्ते गेले, शेतं गेली, ओढे गेले. नॉर्थ कॅरोलायनाच्या बक पेरी या माणसाने कोळ्यांना सांगायला सुरुवात केली, की मासा बहुतेक वेळ खोल पाण्यात असतो आणि तो तळाच्या चढउतारांना धरून फिरतो. तळ शोधा, मासा सापडेल. 1959 च्या सुमारास कार्ल लोरन्स आणि त्यांच्या मुलांनी होडीत ठेवता येईल असं छोटं सोनार यंत्र बाजारात आणलं. 1967 मध्ये रे स्कॉटने बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली, ती आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर. त्याचं धरण आदल्याच वर्षी पूर्ण झालं होतं. म्हणजे ही विद्या काही आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली नाही. गावं बुडाली, त्यानंतर ती जन्मली.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला, कारण माझ्या आजीचं माहेर जायकवाडीत गेलं आहे.

जायकवाडी हे नावच आधी एक विस्थापित आहे. निजामाच्या राज्यात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचं ठरत होतं. पुढे जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जलाशयाला एकनाथांवरून नाथसागर म्हणू लागले. शंभराहून अधिक गावं पाण्यात गेली.

माझ्या शिक्षणाचा इथे थोडा उपयोग झाला. धरणाची क्षमता 102 टीएमसी, म्हणजे साधारण 2,909 दशलक्ष घनमीटर. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा सुमारे 350 चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली सव्वाआठ मीटर येते. नाथसागर ही परात आहे, हंडा नाही. खरं खोल पाणी आहे ते गोदावरीच्या जुन्या पात्रात. बाकी सगळं बुडालेलं शिवार.

आणि या परातीत मासेमारी करायची होती नदीतल्या लोकांना. गोदाकाठच्या भोई समाजाचं ज्ञान डोहांचं होतं. उन्हाळ्यात धार तुटली की मासा डोहात गोळा होतो. कुठल्या डोहात वाम, कुठे मरळ, कुठे शिवडा, हे पिढ्यानपिढ्या पाठ. ते सगळं एका पावसाळ्यात निरुपयोगी झालं. नव्या पाण्यात मासाही नवा सोडला गेला: कटला, रोहू, मृगळ, हे गंगेच्या खोऱ्यातले नामांकित मासे. हिरालाल चौधरींनी 10 जुलै 1957 रोजी कटकला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं, म्हणून पुढे देशभरच्या धरणांना पुरेल इतकं बीज तयार करता येऊ लागलं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. त्यामुळे जाळं कुठे टाकायचं हा प्रश्न पुरत नाही, ते किती खोल सोडायचं हेही कळावं लागतं.

ओढायची जाळी इथे चालत नाहीत, तळाच्या खुंटांना अडकून फाटतात. उभी जाळी लावावी लागतात. वर तरंगणारे बोये, खाली शिसं, मध्ये दिसणार नाही असा नायलॉनचा पडदा. माशाचं डोकं आत शिरतं आणि कल्ले अडकतात.

2021 च्या फेब्रुवारीत मी जुनं सोनार यंत्र विकत घेतलं आणि ओळख काढून कायगावच्या बाजूला एका मासेमाराच्या होडीत बसलो. वय पासष्टच्या आसपास, पाणी भरलं तेव्हा ऐन विशीत. मी त्यांना मामा म्हणत होतो, ते मला साहेब.

"पहिली दोन वर्षं कुणी मध्ये जातच नव्हतं," ते वल्हं मारत सांगत होते. "वारं सुटलं की लाटा. आन जाळं टाकलं की फाटायचं. बाभळी होत्या, विहिरीचे कठडे होते. आमाला नदी माहीत, रान कुठं माहीत?"

मग? मग ते पुनर्वसनाच्या वसाहतीत जाऊन शेतकऱ्यांना विचारायचे. तुमच्या विहिरीपासून बांध किती पावलं? आंबराई ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? ज्याची जमीन गेली, तो माणूस ओटीवर बसून काडीने जमिनीवर शिवार काढून दाखवायचा. ते ऐकून जाळं खुंटाला न अडकता खुंटाजवळ कसं टाकायचं, हे ही माणसं शिकली. मासा अशा आडोशालाच असतो. पेरी याहून वेगळं काही सांगत नव्हता, फक्त त्याच्याकडे असे शेतकरी नसावेत.

मी आजीच्या माहेराचं नाव घेतलं. वल्हं थांबलं.

"मंग आमच्या गावच्या लेकीचा नातू की तू!" तिथून पुढे मी साहेब राहिलो नाही.

त्यांनी होडी वळवली. एका बाजूला देवळाचा कळस, दुसऱ्या बाजूला विजेचा मनोरा, दोन्ही रेषा जुळल्यावर म्हणाले, "ही पाटलाची चिंच. पाणी यायच्या आधीच तोडली, बुंधा हाये खाली." यंत्रावर सपाट चाललेली तळाची रेघ अचानक वर उचलली. आवाज पाण्यात सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर जातो. नऊ मीटर खाली जाऊन बारा मिलिसेकंदांत परत आलेला तो प्रतिध्वनी चिंचेचा होता. या चिंचेच्या गोष्टी मी आजीकडून ऐकल्या होत्या. 2016 च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यावर गेलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मला एकदा नेऊन आण, गाव उघडं पडलं असंल." माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. पुढच्या वर्षी नेतो म्हणालो. पुढच्या वर्षी धरणात पाणी होतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आजी नव्हती.

पहाटे जाळं काढलं. पाच रोहू, एक मृगळ आणि दोन मुठी चिलापी, जिला मामांनी शिवी दिली. मी यंत्रात त्या जागेची खूण साठवली. त्यात देवनागरी नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत चिंच असं लिहिलं.

"काय लिवलं?" मामांनी विचारलं. मी सांगितलं.

"बरं केलं. पर कुणाला दावू नको."

म्हणून गावाचं नाव इथे लिहिलेलं नाही.