रोहिणीकाठिण्य आणि शोथ : कारण की परिणाम? – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या मुळाशी बहुधा रोहिणीकाठिण्य हा विकार असतो. या विकारात रोहिणीच्या आतील अस्तराखाली कोलेस्टेरॉल व विविध पेशी साचून एक थर तयार होतो. विसाव्या शतकात बराच काळ हा केवळ मेद साचण्याचा विकार मानला गेला. तो शोथाचा, म्हणजेच प्रतिरक्षा यंत्रणेने घडवून आणलेल्या दाहयुक्त प्रतिक्रियेचा विकार आहे, हा विचार मात्र एकोणिसाव्या शतकातच मांडला गेला होता. तो सिद्ध होण्यास दीडशेहून अधिक वर्षे का लागली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

व्हिएन्ना आणि बर्लिन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्ना येथील कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी असे प्रतिपादन केले की, रक्तातील फायब्रिनसारखे घटक रोहिणीच्या आतील पृष्ठभागावर साचून हा थर बनतो; तेथे आढळणारा शोथ दुय्यम होय. बर्लिन येथील रुडॉल्फ फिरखो यांचे मत याच्या विरुद्ध होते. त्यांच्या मते विकाराचा आरंभ रोहिणीच्या भित्तीतच होतो आणि शोथ हीच मूळ प्रक्रिया असते. दोघांचा आधार मुख्यतः शवविच्छेदन हाच होता. शवविच्छेदनात विकाराची अंतिम अवस्था दिसते, घटनाक्रम दिसत नाही. त्यामुळे हा वाद निर्णायकपणे मिटणे शक्य नव्हते.

कोलेस्टेरॉलचे युग

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह व सेम्योन खालातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलातून शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत हा विकार निर्माण करून दाखविला. या थरांत पांढऱ्या पेशी असल्याचे अनिच्कोव्ह यांनी नोंदविले होते. परंतु पुढील संशोधनाने त्यातील कोलेस्टेरॉलचाच धागा प्रामुख्याने उचलला. १९४८ मध्ये सुरू झालेल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाने रक्तातील कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांचा संबंध स्पष्ट केला. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत स्टॅटिन औषधाने मृत्यूंचे प्रमाण घटले. कोलेस्टेरॉल मोजता येत होते आणि कमीही करता येत होते. शोथाच्या बाबतीत यांपैकी काहीच साध्य झाले नव्हते.

पेशींचे पुनरागमन

सिअ‍ॅटल येथील रसेल रॉस व जॉन ग्लॉमसेट यांनी १९७३ पासून 'इजेला प्रतिसाद' ही उपपत्ती मांडली. १९८६ मध्ये स्वीडनमधील योरान हान्सन व सहकाऱ्यांनी मानवी रोहिणीतील थरांत प्रतिरक्षा यंत्रणेच्या टी-पेशी असल्याचे दाखविले. हळूहळू प्रक्रियेचे चित्र पूर्ण झाले. अस्तराखाली अडकलेल्या, रासायनिक बदल झालेल्या मेदकणांमुळे अस्तराच्या पेशी चिकट रेणू धारण करतात. रक्तातील मोनोसाइट त्यांना चिकटून आत शिरतात, त्यांचे महाभक्षी पेशींत रूपांतर होते आणि कोलेस्टेरॉल गिळून त्या फेसाळ दिसू लागतात. त्यांची विकरे थरावरील तंतुमय आवरण कमकुवत करतात. आवरण फाटले की तेथे रक्ताची गुठळी होते. १९९९ मध्ये रॉस यांनी रोहिणीकाठिण्य हा शोथजन्य विकार असल्याचे स्पष्टपणे मांडले.

निर्णायक कसोटी

१९९७ मध्ये पॉल रिडकर व सहकाऱ्यांनी दाखविले की, शोथाचे निदर्शक असलेले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन रक्तात सर्वाधिक असणाऱ्या निरोगी पुरुषांत पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे तिप्पट होता. तथापि, हा केवळ सहसंबंध होता. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत स्टॅटिनमुळे लाभ झाला, पण त्या औषधाने कोलेस्टेरॉल व शोथ दोन्ही घटले. श्रेय कोणाचे, हे ठरेना. २०१७ च्या कँटोस चाचणीने ही कोंडी फोडली. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरील या चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा या शोथकारक रेणूस रोखणारे कॅनाकिनुमॅब वापरले गेले. त्याच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने कोलेस्टेरॉल न घटताही झटका, पक्षाघात व हृदयविकारजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही. मेथोट्रेक्सेटच्या चाचणीत लाभ आढळला नाही. कोल्चिसिनच्या २०१९ व २०२० मधील चाचण्या आशादायक ठरल्या, तर झटक्यानंतर लगेच ते देणाऱ्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही.

निष्कर्ष

या इतिहासात कोणताही एक पक्ष पूर्णतः विजयी ठरत नाही. कोलेस्टेरॉलचे स्फटिकच महाभक्षी पेशींतील शोथयंत्रणा जागृत करतात, हे २०१० मध्ये दिसून आले. म्हणजेच मेद व शोथ या परस्परविरोधी उपपत्ती नसून एकाच साखळीचे दुवे आहेत. विकृत ऊतीत एखादी पेशी आढळणे म्हणजे ती कारण असणे नव्हे. ती प्रक्रिया रोखून परिणाम पाहिल्यावरच कार्यकारणभाव सिद्ध होतो. फिरखो यांच्या निरीक्षणास अशी कसोटी मिळेपर्यंत दीड शतक गेले. रोहिणीस इजा करणारी यंत्रणाच जंतूंपासून शरीराचे रक्षण करते, म्हणून तिला कोठे आणि किती आवरावे, हा प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे.