पहिला कप फुकट

१९३० च्या दशकात भारतातल्या चहामळ्यांच्या मालकांपुढे मोठा पेच होता. जागतिक मंदीत चहाचे भाव कोसळले होते, आणि ज्या देशात चहा पिकत होता तिथले बहुतेक लोक तो पीतच नव्हते. निर्यातीच्या चहावर उपकर बसवून त्या पैशातून जाहिरात करायची, असा कायदा १९०३ मध्येच झाला होता. आता त्या जाहिरातीचा रोख देशातल्या गिऱ्हाइकाकडे वळला. प्रचारक घरोघरी आणि भरबाजारात चहा करून दाखवू लागले, कप फुकट वाटू लागले. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा हे सांगणाऱ्या पाट्या लागल्या. गांधीजींनी चहाविरुद्ध लिहिलं, पण फुकट कपापुढे उपदेश किती टिकणार?

सवय लागली. मात्र ती मळेवाल्यांना हवी होती तशी लागली नाही. टपरीवाल्यानं पत्ती कमी केली, दूध-साखर वाढवली, आलं-वेलची टाकून सगळं एकत्र उकळलं. प्रचारकांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांना कोण विचारतो? आज देशात पिकणारा सुमारे ८० टक्के चहा देशातच प्यायला जातो, आणि तो बहुतेक असाच उकळलेला असतो.

फुकट वाटणारा धर्मादाय करत नाही, हे आपल्याला कळतं. तरी नुसत्या 'फुकट'ला घाबरण्यात अर्थ नाही. चहाची सवय मळेवाल्यांनी लावली, पण कप विकणारे हजारो होते. एका टपरीनं भाव वाढवला तर समोर दुसरी होती. सवय लागल्यानंतर दुसरं दार उघडं राहतं का, हा खरा प्रश्न. गेल्या दहा वर्षांत हाच प्रश्न आपल्या फोनवर तीनदा आला आहे.

गणेशची गोष्ट

पहिली वेळ २०१५ ची. फेब्रुवारीत फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीनं 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आणलं. पुढे त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. काही वेबसाइट्स डेटाचे पैसे न देता बघता येणार होत्या. कुठल्या, याच्या अटी फेसबुक ठरवणार होतं. डिसेंबरमध्ये मार्क झुकरबर्गनं 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहून या योजनेची बाजू मांडली. त्या लेखात महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी होता. तो फ्री बेसिक्सवर हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, आणि त्यातून त्याचं भलं होतं. याला विरोध कोण करणार?

विरोध गणेशला नव्हताच. उद्या कुणी बाजारभावाची आणखी चांगली मराठी वेबसाइट काढली, तर ती गणेशपर्यंत पोचायला आधी फेसबुकच्या दारात उभी राहणार होती. आक्षेप होता तो यावर. त्याच वर्षी नेट न्यूट्रॅलिटीसाठी लोकांनी ट्रायला दहा लाखांवर ईमेल पाठवले होते. फेसबुकनंही आपल्या वापरकर्त्यांकरवी एकाच साच्यातले ईमेल पाठवले. आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत, असं ट्रायनं कंपनीला सुनावलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: वेबसाइट बघून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. जगातल्या एका बलाढ्य कंपनीचं फुकट ताट आपण परत पाठवलं होतं.

१४९ चे २९९

सात महिन्यांनी दुसरी वेळ आली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. हे फुकट निवडक वेबसाइट्सपुरतं नव्हतं, सगळं इंटरनेट खुलं होतं. त्यामुळे नवा नियम आड आला नाही. आधी डिसेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं मोफत. तोवर एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजणाऱ्या देशाला हे स्वप्नच वाटलं. आज ज्याच्या हातात हा लेख आहे, त्याच्या घरात पहिलं स्वस्त इंटरनेट कदाचित तेव्हाच आलं असेल. तो फायदा खरा होता आणि आहे.

आता दुसरी बाजू. २०१६ मध्ये देशात दहाहून जास्त मोबाइल कंपन्या होत्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं २०१७ च्या अखेरीस मोबाइल सेवा गुंडाळली. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉरचा इथला व्यवसाय एअरटेलमध्ये विरघळला, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. २०१९ मध्ये टाटांचा मोबाइल व्यवसायही एअरटेलकडे गेला. सगळा दोष जिओला देणं अर्धसत्य ठरेल. स्पेक्ट्रमचं कर्ज आधीपासून होतं, आणि थकीत शुल्काबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानं उरलेल्यांचंही कंबरडं मोडलं. पण मैदान रिकामं झालं, एवढं नक्की. खासगी कंपन्या तीन उरल्या.

त्यानंतर बिल बघा. रोज दीड जीबी, २८ दिवस, हा जिओचा प्लॅन २०१८ च्या सुरुवातीला १४९ रुपयांना होता. डिसेंबर २०१९ मध्ये १९९, डिसेंबर २०२१ मध्ये २३९, जुलै २०२४ मध्ये २९९. शेवटच्या खेपेला तर तिन्ही कंपन्यांनी आठवड्याभरात दर वाढवले. चिडलेले लोक बीएसएनएलकडे वळले आणि काही महिने तिचे ग्राहक वाढलेही. पण तिचं ४जी तेव्हा पुरतं उभं नव्हतं. दार होतं, पलीकडे रस्ता नव्हता.

तिसरा कप

तिसरी वेळ आत्ता चालू आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलनं आपल्या सगळ्या ग्राहकांना परप्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत दिलं. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओनं गूगलचं जेमिनी प्रो १८ महिन्यांसाठी मोफत जाहीर केलं, आणि सुरुवात केली १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयनं महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट केलं. सवय लावायची तर लवकर, हे मळेवाल्यांनाही ठाऊक होतं.

ही यंत्रं चालवणं स्वस्त नाही. महिना २०० डॉलरच्या प्लॅनवरही आपल्याला तोटाच होतोय, हे ओपनएआयच्या सॅम ऑल्टमननं जानेवारी २०२५ मध्ये स्वतः सांगितलं होतं. हा तोटा कुणीतरी कधीतरी भरून काढणार. कसा, याची झलक ऑस्ट्रेलियात दिसली. मायक्रोसॉफ्टनं आपल्या ऑफिस पॅकेजमध्ये कोपायलट घातलं आणि एकट्यासाठीच्या प्लॅनची वार्षिक वर्गणी १०९ डॉलरवरून १५९ डॉलर केली. एआय नसलेला जुन्या दराचा प्लॅन शिल्लक होता, पण तो ग्राहकांना नीट दाखवलाच नाही, असा आरोप करत तिथल्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. कंपनीनं पुढे माफी मागून परतावा देऊ केला. म्हणजे एआय न मागणाऱ्यालाही त्याचं बिल येऊ शकतं.

मग हे फुकट घ्यायचं की नाही? खुशाल घ्या. आज एआयच्या टपऱ्या बऱ्याच आहेत, तर चार ठिकाणचा चहा पिऊन बघा. मोफत मुदत कधी संपते आणि त्यानंतर पैसे आपोआप कापले जाणार का, एवढं आधी तपासा. आणि अभ्यासाच्या नोट्स, अर्जांचे मसुदे, धंद्याचे हिशेब एकाच ठिकाणी अडकवून ठेवू नका.

मात्र एकेकट्याची सावधगिरी पुरत नाही. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते. ही कंपन्यांची मेहेरबानी नव्हती, तो सरकारी नियम होता. एआयशी वर्षभर बोलून त्याला आपली जी ओळख होते, ती दुसऱ्या कंपनीकडे नेण्यासाठी तसा नियम नाही. २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला होता. २०२३ मध्ये कायदा झाला, तेव्हा त्यात तो हक्क नव्हता. त्यासाठी मात्र कुणी दहा लाख ईमेल पाठवले नाहीत.