शिक्षण परिषदेला जाताना शिक्षकांनी सोबत काय न्यावं?

जिल्हा परिषद शाळांच्या प्रत्येक केंद्रात दरमहा शिक्षण परिषद भरते. केंद्रप्रमुख बोलावतात, शाळांचे शिक्षक जमतात, नमुना पाठ आणि चर्चा होते. वेळ सूचनांमध्येच निघून जाऊ शकतो, म्हणून आपला प्रश्न आधीच लिहून न्यावा.

बोईसर-तारापूर पट्ट्यात तो प्रश्न बहुधा भाषेचा असतो. घरी वारली बोलणारी मुलं आणि एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांतली हिंदी बोलणारी मुलं एकाच वर्गात बसतात. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. २०२१ च्या ‘निपुण भारत’नुसार २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यायला हवं.

‘मुलं वाचत नाहीत’ एवढंच सांगितलं तर उत्तरही मोघमच मिळणार. त्याऐवजी दोन-तीन मुलांनी स्वतःच्या मनानं लिहिलेली पानं न्यावीत, लाल शाईनं न सुधारलेली. मूल अक्षरात अडलंय की घरच्या बोलीतला शब्द लिहितंय, हे त्यावरून सहकाऱ्यांना दिसतं. दुसऱ्या प्रकाराला चूक म्हणायचं का, यावर चर्चा व्हायलाच हवी.

आणखी मदतही जिल्ह्यातच आहे. वाडा तालुक्यातली ‘क्वेस्ट’ संस्था सुरुवातीच्या वाचन-लेखनावर काम करते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडला गेलं. शिकवायला त्या परिसरातल्याच वस्तू वापरत.